पाखरीचा व्हिडिओ

काल सकाळी दवाखान्याचं शटर वर करत होते, तेवढ्यात रस्त्यावरून वाढ्यांचा एक ढीग गेला. खाली मोटारसायकल असावी. पुढे एक भारा, मागे दोन, आणि मधे माणूस आहे हे फक्त त्याच्या टोपीवरून कळत होतं. उसाच्या शेंड्यांचे हे हिरवेगार वाढे दिसले की आमच्या संगमनेरच्या भागात कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. कारखाना सुरू झाला, ऊस तुटायला लागला, एवढं त्या एका भाऱ्यावरून कळतं. आता थोड्याच दिवसांत सगळी हवा मळीच्या आंबूसगोड वासाने भरेल. ट्रॉल्या कर्कश गाणी लावून रस्ता अडवतील. पाथर्डीकडून आलेली तोडणीवाली माणसं कालव्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालतील आणि त्यांच्या बायका सकाळी चौकात वाढे विकायला बसतील.

मला हा मळीचा वास आवडतो. लोक नाकाला रुमाल लावतात, मी छाती भरून घेते. आई म्हणते, जनावरांत राहून राहून हिचं नाक गेलं. तसं नाही. ह्या वासाबरोबर माझा एक हंगाम परत येतो. तेव्हा मी नुकती डॉक्टर झाले होते, आणि ते माझ्याखेरीज कुणालाच पटलेलं नव्हतं.

पदवी हातात आली तेव्हा वाटलं होतं, आता गोठ्यागोठ्यांतून बोलावणी येतील. मी रस्त्याकडेला एक गाळा घेतला, त्यावर ‘जनावरांचा दवाखाना’ अशी पाटी लावली, टेबलावर स्टेथोस्कोप ठेवला आणि बसले. बसूनच राहिले. अधूनमधून कुणीतरी दारातून डोकवायचं.

“डॉक्टर कवा येतील?”

“मीच डॉक्टर.”

“ते कळलं हो मॅडम. पन डॉक्टर कवा येतील?”

पहिल्या वेळी हसू आलं, नंतर राग यायला लागला. राग लवकर येणं हा माझा जुना गुण आहे. चारपाच वर्षं गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून शिकलेली मी, आणि ह्यांना माझ्यामागून एखादा मिशीवाला येईल अशी आशा! तालुक्यात जनावरांना हात लावणारी बाई कुणी पाहिली नव्हती असं नाही. धारा तर बायकाच काढतात, वैरण त्याच घालतात, अडलेलं वासरू ओढायलाही त्याच पुढे असतात. पण हे सगळं घरकामात जमा. डॉक्टर म्हटलं की मिशी हवी.

आईने एक दिवस सरळच सांगितलं. पुण्यात मामेबहिणीच्या ओळखीने कुत्र्यामांजरांच्या एका दवाखान्यात जागा होती, पगारी आणि पंख्याखालची. “पट्टा पडेपर्यंत बघ,” आई म्हणाली. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. “तवर फोन वाजला तर ऱ्हा. न्हाईतर जा गपगुमान पुन्याला.” मला कुत्र्यामांजरांचा राग नाही. पण मला गायीच हव्या होत्या, आणि त्या इथल्याच हव्या होत्या. ज्या गोठ्यांच्या वासात मी वाढले, तिथे मला आत बोलावलं जावं एवढंच मनात होतं. ते मी आईला बोलून दाखवलं नाही, पण तिला ते माहीत असावं. नाहीतर तिने मुदत दिली नसती.

फोन वाजत नव्हता, म्हणून मी त्या फोनलाच कामाला लावायचं ठरवलं. आमच्याकडे दूध घालायला डेअरीवर रांग लागते. रांगेत उभा असलेला प्रत्येकजण एका हातात कॅन आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून असतो. कुणाचं स्टेटस, कुणाच्या बारशाचे फोटो, कुणाच्या बैलाची रील. म्हटलं, जे गोठ्याच्या दारातून आत घेत नाहीत, त्यांच्या खिशातून आत जाऊ.

पहिला व्हिडिओ केला तो आठवला तरी कान गरम होतात. दवाखान्यातल्या कपाटाला फोन टेकवला, पदर नीट केला आणि सुरू केलं: “प्रसूतीपश्चात कालखंडात दुधाळ जनावरांच्या रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण...” आई मागे दारात उभी होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “हे कुनाला सांगतीस? म्हशीला का मास्तरला?”

“लोकांना.”

“मग गाय व्याली म्हन की सरळ. प्रसूती आपल्याकडं मानसांचीबी होत न्हाई, बाळंतपन होतं.”

दुसरा व्हिडिओ मी आमच्याच गोठ्यात केला, आमच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून. वाढे गोड असतात, जनावर आवडीने खातं, पण नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या गायीच्या अंगातलं कॅल्शियम कमी पडतं. व्याली की ती बसते आणि मग उठत नाही. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, बरोबर कोरडा कडबा द्या. एवढंच बोलले, आईशी बोलते तसं. मधे म्हशीने शेपटी मारली ती माझ्या तोंडावर बसली, तेही तसंच ठेवलं. तो व्हिडिओ चालला. बहुतेक शेपटीमुळेच चालला असावा. आई डेअरीवरून आली ती हसत. रांगेत तिघेजण तिला तिच्याच लेकीचा व्हिडिओ दाखवत होते.

हळूहळू गंमत सुरू झाली. फोन यायला लागले, पण आधी दूरचे. कुणी नाशिककडचं, कुणी थेट विदर्भातलं. अनोळखी माणूस “ताई, माझी गाय” अशी सुरुवात करायचा आणि मी इथे बसून तिथल्या गायीचं शेण कसं आहे ते विचारायची. शेवटी सांगायची, तिथल्या डॉक्टरांना बोलवा, फोनवरून सुई टोचता येत नाही. गावातले मात्र व्हिडिओ बघायचे, रस्त्यात भेटले तर “बघितलं बरं का मॅडम” म्हणायचे, आणि गाय आजारी पडली की दुसऱ्यालाच बोलवायचे. मी त्यांच्या लेखी टीव्हीतली बाई झाले होते. टीव्हीतल्या बाईला कुणी घरी बोलवत नाही.

मग पाखरी बसली.

पाखरी ही भाऊसाहेबांची गाय. भाऊसाहेबांची वस्ती आमच्या गावापासून जवळच, कालव्याच्या पलीकडे. माणूस उमदा आणि बोलका, थोडा बढाईखोर. गोठा मात्र सगळा त्यांच्या बायकोच्या जिवावर, सुमनकाकूंच्या. काकू कमी बोलणाऱ्या, अंगाने काटक, आणि त्यांच्या नजरेसमोर माझीही जीभ जरा आवरती घेतली जायची. त्या दिवशी सूर्य नुकता वर आला होता. नेहमीचे डॉक्टर कुठे लग्नाला गेलेले, म्हणून भाऊसाहेबांनी मला फोन केला. “मॅडम, तुमी त्या व्हिडिओत सांगितलं तशीच बसलीया बघा.”

गेले तर खरंच तशीच होती. आदल्या संध्याकाळी व्यालेली. मान वळवून पोटाशी टेकवलेली, कान गार, डोळे अर्धे मिटलेले. सलाईन लावलं. कॅल्शियम शिरेतून द्यायचं तर फार सावकाश द्यावं लागतं, घाई केली तर गायीचं हृदय बंद पडतं. एका हाताने बाटली वर धरायची आणि दुसऱ्या हाताने छातीवर स्टेथोस्कोप. मी ठोके ऐकत होते आणि माझे स्वतःचेच जास्त ऐकू येत होते. मग पाखरीच्या मांड्यांवर बारीक थरथर सुटली. तिने मोठा ढेकर दिला, शेण टाकलं, नाकपुडीवर दवासारखा ओलावा आला. कान हाताला कोमट लागले. थोड्या वेळाने ती पुढच्या गुडघ्यांवर आली आणि धडपडत उभी राहिली. वासरू कोपऱ्यातून हंबरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बाहीने पुसलं.

भाऊसाहेबांना मात्र रडण्यापेक्षा मोठं काम होतं. “काढा मॅडम, काढा व्हिडिओ! जगाला कळू द्या भाऊसाहेबाची पाखरी काय चीज हाय!” मी फोन काढला. ते पाखरीच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले आणि तिच्या दुधाचा आकडा खणखणीत आवाजात सांगून मोकळे झाले. तोही दोन लिटर वाढवून.

इथल्या माणसाला ह्यातली मेख लगेच कळेल. आमच्याकडे दुधाचा आकडा कुणी सांगत नाही. गाय बादल्या भरून देत असली तरी विचारल्यावर उत्तर एकच, “चाललंय आपलं चहापुरतं.” चांगल्या दुधाची गाय रस्त्याच्या बाजूला बांधत नाहीत, तिच्या गळ्यात काळा दोरा असतो, आणि पाहुणा आला तर ती नेमकी आतल्या अंगाला चरत असते. भाऊसाहेब बोलत होते आणि मागे सुमनकाकूंच्या हातातली बादली होती तिथेच थांबली होती. व्हिडिओत त्यांचा फक्त कोपर दिसतो.

तो व्हिडिओ असा पळाला की विचारू नका. बसलेली गाय, वर धरलेली बाटली, उभी राहिलेली गाय, आणि भाऊसाहेबांचा आकडा. ग्रुपमागून ग्रुप. त्या दिवशी दुपारपासून फोन वाजायला लागला आणि ह्या वेळी गावातलेच लोक होते. “मॅडम, आमच्याकडंबी चक्कर टाका.” मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी संध्याकाळी आईला म्हटलं, पुण्याला ‘नाही’ म्हणून कळवून टाक. आई म्हणाली, थांब जरा. तिचं ते ‘थांब’ मला तेव्हा भित्रेपणाचं वाटलं.

चारदोन दिवसांनी सकाळी आई डेअरीवरून आली, कॅन खाली ठेवला आणि न धुताच उंबऱ्यावर बसली. आई कॅन न धुता बसते म्हणजे काहीतरी मोठं असतं.

“काय झालं?”

“पाखरी खात न्हाई. दूधबी आटलं म्हनत्यात.” मग पदराने कपाळ पुसत, “आन म्हनत्यात, मॅडमच्या व्हिडिओनं दृष्ट लागली.”

मी भडकले. दृष्ट! विज्ञानाची पुस्तकं, परीक्षा, सगळं एका शब्दात चुलीत. पण रागाने फोन वाजत नाही. दुपारी ज्यांच्याकडे जायचं ठरलं होतं त्यांनी आपण होऊन कळवलं, “नगं मॅडम, गाय बरी हाय आता.” आणखी एकाचं तेच. माझ्या धास्तीने तालुक्यातल्या गायी घरबसल्या बऱ्या व्हायला लागल्या होत्या. रांगेत दाखवला जाणारा माझा व्हिडिओ आता आपल्याही गोठ्याला दृष्ट लागू नये म्हणून पुसला जात होता. व्हिडिओने मला ज्या गोठ्यांच्या दारात नेलं होतं, तिथूनच त्याने परत फिरवलं. पाखरी गेली, तर माझं इथलं सगळं संपलं हे मला स्वच्छ दिसत होतं. कुणी हाकलणार नव्हतं. फक्त कुणी बोलावणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी न बोलावता गेले.

सुमनकाकू गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. भाऊसाहेब लांब बाजेवर बसून तंबाखू मळत होते. गावभर पसरलेला आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“तुमाला कुनी बोलावलं, मॅडम?”

“कुणी नाही. गाय बघू द्या. बिल लावणार नाही.”

“फोन कुठंय?”

मी फोन काढून दाखवला. त्यांनी खुराड्याकडे बोट केलं. मी फोन कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवला, तेव्हा त्या दारातून बाजूला झाल्या.

पाखरी खाली मान घालून उभी होती. पोटाच्या डाव्या अंगाला मूठ दाबली तर आत सगळं गप्प. खाली पातळ, आंबूस वासाचं शेण पडलं होतं. मी बसून ते बोटांनी चिवडलं. त्यात बाजरीचे दाणे होते, आख्खे. बोटांना चिकट लागत होतं.

“काकू, हिला बाजरी कुणी घातली?”

“मी कशाला घालीन? मला काय कळत न्हाई?”

“मग दाणे कुठून आले?”

काकू आठवायला लागल्या. “परवा वरच्या वस्तीवरची जाऊबाई आल्ती बघाया. ती बाजरी शिजवून घुगऱ्या घिऊन आली. आता व्यालेल्या गायीकडं काय रिकाम्या हातानं यायचं व्हय? मग तिच्या मागं तिची सून. तिनं गूळ आनला. डेअरीवरची मानसं आली, व्हिडिओतली गाय बघायची म्हनून. त्यांनी घुगऱ्याच आनल्या. माझ्या भावानं भाकऱ्या चारल्या. शाळंतल्या बाई...” त्यांचा आवाज हळू हळू खाली आला. कोपऱ्यात रिकाम्या पाट्या एकात एक रचून ठेवल्या होत्या, परत द्यायच्या म्हणून धुऊन. आम्ही दोघींनी एकदमच तिकडे बघितलं.

सगळा तालुका त्या गायीला बघायला आला होता आणि प्रत्येकाने आपली रीत पाळली होती. रिकाम्या हाताने कुणी आलं नव्हतं. पाखरीने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं.

माझ्या जिभेवर दोन वाक्यं होती. पहिलं पुस्तकातलं होतं, ही दृष्ट नाही, धान्याने झालेलं अपचन आहे, आणि ते बोलून मी जिंकले असते. पण काकूंच्या तोंडाकडे बघितलं आणि ते गिळलं. म्हटलं, “काकू, तुम्ही म्हणता ते खरंय. दृष्टच लागली. माझ्या व्हिडिओने माणसं आणली, माणसांनी घुगऱ्या आणल्या. व्हिडिओ निघाला नसता तर हिचं पोट बिघडलं नसतं.”

काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग पदर खोचला. “काय लागंल ते सांग, पोरी.”

दिवसभर मी तिथेच होते. खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, सलाईन लावलं, पोट पुन्हा कामाला लागावं म्हणून दुसऱ्या धडधाकट गायीच्या तोंडातला रवंथ काढून पाखरीच्या तोंडात घातला. समोर नुसता कोरडा कडबा. मग वाट बघायची. ऊन गोठ्यात एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर सरकत गेलं. कालव्याच्या बाजूने ट्रॉल्यांची गाणी येत होती. काकूंनी मला जेवायला वाढलं, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं, आणि बाजरीकडे बघून आम्ही दोघी हसलो. मी आजवर केलेल्या व्हिडिओंत गाय अर्ध्या मिनिटात उभी राहते. ती मधली वाट बघण्याची वेळ कापलेली असते, कारण ती कुणी बघणार नाही. पण सुमनकाकूंनी मला जोखलं असेल तर त्याच वेळात, एवढं मला त्या दिवशी कळलं.

ऊन उतरल्यावर काकू म्हणाल्या, “तुझं झालं ना? आता माझं करू दे.” त्यांनी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, पाखरीच्या शिंगांपासून शेपटीपर्यंत उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. आमच्याकडे त्याची परीक्षा अशी असते: मिरच्या जळल्या आणि ठसका लागला, तर नुसताच आजार. ठसका लागला नाही, तर दृष्ट होती आणि ती आता जळाली. मी चुलीपाशीच उभी होते. मिरच्यांचा धूर सरळ माझ्या नाकात गेला आणि घशात असा खवखवाट उठला की काय सांगू. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या बाईने माझा सोडा, माझं सलाईन, माझं न बोलावता येणं, सगळं चालवून घेतलं होतं. मी दात आवळले, श्वास धरला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि ठसका गिळला.

“बघा,” काकू भाऊसाहेबांना म्हणाल्या, “कुनाला ठसका न्हाई. दृष्टच हुती.”

अंधारायच्या आधी पाखरीचा जबडा हलला. डावीकडून उजवीकडे, सावकाश, डोळे मिटून. ती रवंथ करत होती. आम्ही तिघं गोठ्यात उभे राहून तेवढंच बघत राहिलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला व्हिडिओ तेव्हा निघाला असता. फोन खुराड्यावर होता आणि त्याच्यावर एक कोंबडी बसली होती.

दुसऱ्या दिवशी काकूंनीच विषय काढला. लोकांना सांगायला पाहिजे, म्हणाल्या. पण त्यांच्या अटी होत्या. दुधाचा आकडा सांगायचा नाही. जनावर रवंथ करायला लागल्याशिवाय फोन खिशातून काढायचा नाही. जनावराच्या कपाळाला आधी काळा ठिपका लावायचा. आणि त्यांचं तोंड दिसता कामा नये. मी सगळ्याला हो म्हटलं. त्या व्हिडिओत फक्त काकूंचे हात आहेत, पाखरीच्या कपाळाला तव्याचं काळं लावणारे, आणि त्यांचा आवाज: “बायांनो, कुनाची गाय व्याली तर बघाया जरूर जा. पन रिकाम्या हातानं जा. घुगऱ्या न्यायच्याच असतील तर मालकिनीला द्या, तिचंबी बाळंतपन झाल्यासारखंच आसतं.”

हे शेवटचं वाक्य त्यांच्या मनचं होतं, मी शिकवलेलं नाही. त्याने डेअरीची सगळी रांग हसली आणि, आई सांगते, बायका जरा जास्तच हसल्या. पुसलेले व्हिडिओ लोकांनी परत मागून घेतले. फोन वाजला तो मग थांबलाच नाही. होळीच्या सुमारास कारखान्याचा पट्टा पडला, कोप्या उठल्या, रस्ता मोकळा झाला. त्या दिवशी आईने मला न विचारता पुण्याला फोन लावला. मी दारामागे ऐकत होते. “न्हाई जमायचं तिला,” आई सांगत होती. “हितं लई गायी हायेत तिच्या.”

तेव्हापासून माझ्या प्रत्येक व्हिडिओतल्या गायीच्या, म्हशीच्या, शेळीच्या कपाळाला काळा ठिपका असतो. काळ्या म्हशीला तो दिसत नाही, तरी लावते. परगावचे लोक मला ‘काळ्या ठिपक्यावाल्या डॉक्टर’ म्हणून ओळखतात. मध्यंतरी एकाने विचारलं, हा तुमच्या दवाखान्याचा लोगो कुणी केला? म्हटलं, सुमनकाकूंच्या तव्याने. आता मला सल्लेही येतात, रोज टाका, सकाळी टाका, गाणं लावा, पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडा. मी ऐकून घेते. रोज टाकत नाही. हातातलं जनावर रवंथावर येईपर्यंत मी रिकामी होत नाही. पण लोक बघतात, बोलवतात, आणि माझ्याकडे मिशी नाही हे आता कुणाच्या लक्षात येत नाही. मी सुखी आहे, हे लिहिताना थोडं दबकायला होतं. आकडा सांगितल्यासारखं वाटतं.

काल वाढ्यांचा तो ढीग गेला आणि पाठोपाठ काकूंचा फोन आला. पाखरीची कालवड व्याली होती, पहिलं वेत. “ये. आन तुझा फोनबी आन.” गेले. कालवड ठणठणीत होती, वासरू आईच्या अंगाखाली ढुशा मारत होतं, डॉक्टरचं तिथे काही काम नव्हतं. भाऊसाहेबांना विचारलं, दूध किती? ते बायकोकडे बघून म्हणाले, “चाललंय आपलं चहापुरतं.” मी ठिपका लावून वासराचा चार सेकंदांचा व्हिडिओ टिपला. निघणार तर काकूंनी हाताला धरून घरात नेलं आणि चुलीपाशी उभं केलं. मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या.

“काकू, गायीला करायचं ना?”

“गायीला काय झालंय? गप उभी ऱ्हा. जो त्यो फोनात तुलाच बघतोया.”

त्यांनी माझ्यावरून मूठ उतरवली. डोक्यावरून, खांद्यांवरून, पायांपर्यंत. रिकाम्या दवाखान्यात बसलेल्या त्या पोरीची दृष्ट कुणी काढली नसती. तिच्याकडे दृष्ट लागण्याजोगं होतं काय? काकूंनी मिरच्या चुलीत टाकल्या आणि धूर वर आला.

मी दात आवळले. श्वास धरला. समोर काकूंनी ओठ घट्ट मिटले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि दोघींना एकदम असा ठसका लागला की खुराड्यातल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. खोकत, हसत आम्ही अंगणात आलो.

“म्हणजे दृष्ट नव्हती,” मी म्हटलं.

काकूंनी पदराने डोळे पुसले. “त्या दिशीबी मला आल्ता ठसका,” त्या म्हणाल्या. “पाखरीच्या टायमाला. गिळला मी.”

“का?”

“तू सकाळधरनं राबत हुतीस. त्यात माझ्यासाठी दृष्टबी मानलीस. म्हटलं, आता हिला खोटं कशाला पाडायचं.”

मी माझा ठसका त्यांना सांगितला नाही. सांगायची गरज राहिली नव्हती, त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मग त्यांनी आत जाऊन तव्यामागचं काळं बोटावर आणलं आणि माझ्या कानामागे लावलं.

“आता कशाला? ठसका लागला ना?”

“असू दे,” काकू म्हणाल्या. “पट्टा पडेपतोर पुसू नगं.”